पाण्याची पाळी आणि आमचं बिऱ्हाड

घर बदलायचं ठरलं की बाकीच्या गावात लोक आधी टेम्पोवाला गाठतात म्हणे. सोलापुरात आधी दोन घरांच्या पाण्याच्या पाळ्या जुळवाव्या लागतात. त्यापेक्षा पत्रिका जुळवणं सोपं. तिथं छत्तीसपैकी अठरा गुण जमले तरी अक्षता पडतात.

उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात, चांगलं ११७ टीएमसीचं. पण तिथलं पाणी नळाला यायचं ते चार-पाच दिवसांआड. चालत येत असावं. भवानी पेठेतल्या जुन्या घरातलं पाणी संपावं आणि त्याच दिवशी जुळे सोलापुरातल्या नव्या घरात सुटावं, एवढीच आमची अपेक्षा. त्यात आईचं पंचांग. पौषात बिऱ्हाड हलवायचं नाही, शिवाय तेव्हा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. नंदीध्वजांची मिरवणूक निघाली की टेम्पोनं कुठून जायचं? आषाढ नको, पितृपक्ष नको, अमावस्या तर नकोच. वैशाख चालतो, पण तेव्हा पारा ४४ वर आणि हमाल फोनच उचलत नाहीत. शेवटी कार्तिकातली एक तारीख निघाली, तीही पाणी सोडणाऱ्या वॉलमनला चहा पाजून खात्री करून घेतल्यावर.

सामान बांधायची मात्र चिंता नव्हती. सोलापुरात लग्न असो, निवृत्ती असो, नाहीतर कुणी नुसतं निवडून आलेलं असो, माणसाला चादर मिळते. आमच्या माळ्यावर तीन पिढ्यांच्या चादरी निघाल्या. फ्रिजला दोन लागल्या, मिक्सर टॉवेलात गेला आणि बाबांचा निवृत्तीचा अख्खा सत्कार टीव्हीला गुंडाळला. बाबा थोडा वेळ त्या टीव्हीकडे बघत उभे होते, पण बोलले काही नाहीत.

खरी गंमत लोखंडी कपाटाची. ते जिन्याच्या वळणावर अडकलं. टेम्पोवाला अक्कलकोटकडचा, तो खालून "निधान, निधान" म्हणत होता. समोरचे पद्मशाली आजोबा गॅलरीतून "मेल्लगा, मेल्लगा" ओरडत होते. मी मराठीत "हळू, हळू" म्हणत होतो. एवढे सगळे हळू म्हणत असताना कपाट जागचं हलेल कशाला? एक हमाल कपाटाच्या वरच्या बाजूला अडकला होता, त्याला खाली यायला वाटच नव्हती. बायकोनं त्याला तिथंच चहा पोचवला. मग त्यानंच तिन्ही भाषांना एक अस्सल सोलापुरी "गप बसा बे!" घातलं, कपाट तिरकं केलं आणि ते निघालं. भिंतीचा पोपडा घेऊन, पण निघालं.

सगळं चढलं आणि आई पिंपापाशी जाऊन उभी राहिली. निळं, दोनशे लिटरचं, निम्मं भरलेलं.

"आई, ओतून देऊ. तिकडं आज पाणी येणार आहे."

"येईल तेव्हा येईल. भरलेलं पाणी ओततात का कुणी?"

या प्रश्नाला सोलापुरात उत्तर नाही. हमालांनी जादा पैसे मागितले, मी दिले. पिंपाला झाकण, झाकणावर प्लास्टिक, त्यावर सुतळी आणि सगळ्याच्या वर बाबांच्या सत्कारातली उरलेली चादर. सात रस्त्याच्या अलीकडे एका गतिरोधकानं हा सगळा बंदोबस्त मोडून काढला. पाणी आधी गाद्यांवर, मग तिथून रस्त्यावर. मागचा मोटारसायकलवाला शेजारी येऊन ओरडला, "ओ, टँकर गळतोय की तुमचा!"

नव्या घरी पोचलो तेव्हा नळ कोरडा. आम्ही उभे-आडवे सगळे नळ सोडून बघितले, एका नळानं नुसता हवेचा फुसकारा टाकला. दूध उतू घालायचं होतं, पण काडेपेटी कुठल्या खोक्यात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही घेऊन ओल्या गाद्यांशेजारी बसलो. तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या.

"नळ बघताय होय? आज नाही ओ यायचं. कुठंतरी पाइप फुटलाय, एक दिवस पुढं गेलंय."

मी आईकडे बघायचं टाळलं. आईनं भाकरीचा तुकडा मोडला, पिंपावरची ओली चादर बाजूला सारली आणि काकूंना म्हणाली, "कळशी घेऊन या. गाळून ठेवलेलं आहे."

काकू कळशी घेऊन आल्या. त्यांच्या मागून वरच्या मजल्यावरच्या दोघी आल्या. मग एक घागर, एक बादली आणि शेवटी "पाहुणे आलेत ओ, तांब्याभर द्या" म्हणत एक आजोबा. सोसायटीच्या चेअरमननं माझं नाव विचारलं नाही. आईचं विचारून घेतलं.