‘अंगावर पाजल्याने आजारपणात फरक पडत नाही’ म्हणे!

सध्या एक मजकूर खूप फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: भावंडांवरच्या संशोधनातून सिद्ध झालंय की आईच्या दुधाने मुलांच्या आजारपणात फरक पडत नाही; जो दिसतो तो शिकलेल्या, खात्यापित्या घरांमुळे; पाणी स्वच्छ असेल तर डब्याचं दूध तितकंच चांगलं; आणि अंगावर पिणारी मुलंही आजारी पडतातच. यातलं थोडंफार खरं आहे, म्हणूनच तो मजकूर पटतो. पण त्यावर विसंबून निर्णय होतो तो काही आठवड्यांच्या बाळाचा, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी भावंडांचं. हा अभ्यास २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. एकाच घरातल्या, एक अंगावर प्यायलेलं आणि एक बाटलीवर वाढलेलं, अशा भावंडांची त्यात तुलना होती, आणि बहुतेक बाबतींत फरक जवळजवळ पुसला गेला. अभ्यास चांगलाच आहे. पण त्यात मोजलं काय? ४ ते १४ वर्षांच्या मुलांचं वजन, दमा, चंचलपणा, वाचन, गणित, स्मरणशक्ती. तान्हेपणातले जुलाब त्यात नाहीत, कान फुटणं नाही, न्यूमोनियाही नाही. जे मोजलंच नाही त्याबद्दल ‘सिद्ध झालं’ कसं म्हणायचं? शिवाय एकाच आईने एकाला पाजलं आणि दुसऱ्याला नाही, यामागेही काही कारण असतं. कदाचित दुसरं बाळ अशक्त असेल, किंवा तीच आजारी असेल.

‘घरच्या परिस्थितीचा परिणाम’ हा आक्षेप मात्र वजनदार आहे. चिठ्ठ्या टाकून ‘हिने पाजायचं, तिने नाही’ असं ठरवता येत नाही. मग बेलारूसमध्ये मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी आयांना नव्हे, ३१ प्रसूतिगृहांना त्यांच्या बाह्यरुग्ण दवाखान्यांसह चिठ्ठ्यांनी दोन गटांत विभागलं. एका गटातल्या कर्मचाऱ्यांना स्तनपानासाठी मदत कशी करायची याचं प्रशिक्षण दिलं, दुसरीकडे नेहमीचीच पद्धत चालू ठेवली. १९९६-९७ मध्ये जन्मलेली १७,०४६ बाळं त्यात होती. तिसऱ्या महिन्यात निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळं पहिल्या गटात ४३.३ टक्के होती, दुसऱ्यात ६.४. वर्षभरात पोटाचा संसर्ग झालेली बाळं ९.१ टक्के विरुद्ध १३.२. श्रीमंती-शिक्षण दोन्हीकडे सारखंच वाटलं गेलं होतं. आणि एक गोष्ट सहज सुटते: दोन्ही गटांतल्या आयांनी पाजायला सुरुवात केलेलीच होती, आणि मदतीच्या गटातही अनेकींनी लवकर थांबवलं. म्हणजे दिसलेला फरक हा दुधाचा पूर्ण परिणाम नव्हे, त्याचा पातळ झालेला अंश आहे.

याच प्रयोगात श्वसनमार्गाचे संसर्ग मात्र ३९.२ आणि ३९.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. मुलं मोठी झाल्यावर दमा आणि लठ्ठपणा यांतही फायदा दिसला नाही. तेव्हा अंगावर पिणाऱ्या बाळालाही सर्दी होते, हे अगदी बरोबर. ‘आईचं दूध म्हणजे सगळ्या आजारांवर कवच’ असं सांगणाऱ्यांनीही आता थांबावं. त्यांच्या अतिशयोक्तीमुळेच असे मजकूर खपतात.

राहिला स्वच्छ पाण्याचा मुद्दा. ब्रिटनमध्ये नळाचं पाणी शुद्धच असतं. तिथे २००० नंतर जन्मलेल्या सुमारे सोळा हजार बाळांच्या अभ्यासात असा अंदाज निघाला की सगळ्या बाळांना निव्वळ आईचं दूध मिळालं तर जुलाबांसाठी होणाऱ्या रुग्णालयातल्या भरत्यांपैकी निम्म्याच्या आसपास टळतील. मला त्यातली दुसरी नोंद जास्त महत्त्वाची वाटते: पाजणं थांबल्यावर हे संरक्षण लवकरच ओसरतं. आईचं शिक्षण आणि घरची मिळकत तर महिन्याभरात बदलत नाही! ओसरतं कारण संरक्षण दुधातच असतं. आईच्या आतड्याला जे जंतू भेटतात त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं तिच्या दुधात उतरतात आणि बाळाच्या आतड्यात जंतूंना चिकटू देत नाहीत. दूध बंद, की तो पुरवठाही बंद.

आणि पाणी खराब असेल तिथे? १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधल्या अभ्यासात अंगावर अजिबात न पिणाऱ्या बाळांचा जुलाबांनी मरण्याचा धोका चौदा पट आढळला.

काही आयांना पाजणं जमत नाही, काहींना औषधांमुळे चालत नाही. त्यांना बोल लावण्याचा कुणालाही अधिकार नाही. त्यांना खरी माहिती मिळायला हवी, आणि नेमकी तीच या मजकुरात नाही. पावडरचं दूध निर्जंतुक नसतं. ते किमान ७० अंश सेल्सिअस गरम पाण्यात कालवून, मग निववून द्यावं आणि दोन तासांनंतर उरलेलं टाकून द्यावं. थोडं अंगावरचं मिळत असेल तर तेही चालू ठेवावं. जुलाब लागले तरी पाजणं थांबवू नये, सोबत डॉक्टरांना विचारून ओआरएस द्यावं, आणि पावडर जास्त पाण्यात पातळ करू नये.