डिस्चार्ज कार्ड कोणासाठी लिहायचे?

डॉक्टरांच्या अक्षराचा वाद नागपुरात अधूनमधून उफाळून येतो आणि आमच्या जुन्या सहाध्यायांच्या गटातून तो माझ्यापर्यंत इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्येही पोहोचतो. या वेळचे निमित्त पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या २०२५ मधील आदेशाचे होते. एका जामीन अर्जाच्या सुनावणीत समोर आलेल्या वैद्यकीय अहवालातील एक अक्षरही लागेना, तेव्हा वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणे हा रुग्णाचा मूलभूत हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि संगणकीय चिठ्ठ्यांची सोय होईपर्यंत मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिण्यास सांगितले. औषधाचे जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, हा नियम तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच केला होता. गटातील एक बाजू म्हणते की एवढेही पाळले जात नाही. दुसरी म्हणते की एका सकाळच्या ओपीडीत रुग्णांची एवढी रीघ असताना अक्षर कसले जपता.

दोन्ही बाजूंचे म्हणणे मला समजते, कारण मी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ‘मेडिकल’मध्ये, शिकलो आहे आणि तिथली ओपीडी पाहिली आहे. तरीही आपण भलत्याच प्रश्नावर भांडत आहोत, असे माझे मत आहे. अक्षर सुधारले की कागद वाचता येईल, हे गृहीतच चुकीचे आहे.

माझ्या काकूंचे पित्ताशय काढल्यानंतर त्यांचे डिस्चार्ज कार्ड चुलत भावाने मला मोबाइलवर पाठवले. कार्ड संगणकावर छापलेले होते, एकही अक्षर पुसट नव्हते. त्यावर गोळीपुढे ‘१-०-१’, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, आणि त्यापुढे ‘५/७’ असे होते. भावाने ‘५/७’चा अर्थ पाच ते सात दिवस असा लावला होता; डॉक्टरांच्या लिखाणात त्याचा अर्थ फक्त पाच दिवस एवढाच होतो. पुढे ‘आर/ए १/५२’, म्हणजे एका आठवड्याने पुन्हा दाखवा, हे घरात कोणालाच उमगले नव्हते. सर्वांत महत्त्वाची ओळ तळाशी होती: ‘एचपीई अवेटेड’. काढलेले पित्ताशय तपासणीसाठी पाठवले आहे, त्याचा अहवाल नंतर येईल आणि तो तुम्हीच नेऊन सर्जनना दाखवायचा आहे, एवढा सगळा मजकूर त्या दोन शब्दांत दडलेला होता. घरातले सगळे पदवीधर असूनही अहवाल आणायला कोणी जाणार नव्हते, कारण जायचे आहे हे त्यांना कोणी लिहून सांगितलेच नव्हते.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचा विचार थोडा आधी झाला. तेथील ‘रॉयल कॉलेज’ नावाच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या संस्थांच्या शिखर संस्थेने २०१८ मध्ये डॉक्टरांना सुचवले की बाह्यरुग्ण विभागातील भेटीनंतरचे पत्र थेट रुग्णाला उद्देशून लिहावे आणि त्याची प्रत त्याच्या फॅमिली डॉक्टरला पाठवावी. त्याआधी बहुतेक ठिकाणी पत्र डॉक्टरला जाई आणि रुग्णाला मिळालीच तर प्रत मिळे. हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण माझ्या लिहिण्याची पद्धत त्याने मुळापासून बदलली. ‘रुग्ण तक्रार करतो की’ असे न लिहिता ‘तुम्ही मला सांगितले की सकाळी तासभर बोटे आखडलेली असतात’ असे लिहावे लागते, आणि असे लिहिताना आपण काय ऐकले व काय ऐकले नाही, ते आपले आपल्यालाच कळते.

माझ्या विषयातले, संधिवाताचे, एक औषध येथे मुद्दाम सांगतो. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले तर तोंडात व्रण येतात, अस्थिमज्जेचे काम मंदावते आणि माणूस दगावू शकतो. अशा चुका थांबाव्यात म्हणून ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२० मध्ये सांगितले की रुग्णाशी बोलून वार ठरवावा आणि तो चिठ्ठीवर पूर्ण लिहावा. आता विचार करा, हेच औषध मोठ्या, सुंदर अक्षरांत लिहून पुढे चुकून ‘ओडी’, म्हणजे रोज एकदा, असे लिहिले तर न्यायालयाचा आदेश तंतोतंत पाळला जाईल आणि रुग्णाचा जीव धोक्यात येईल. ‘फक्त दर सोमवारी’ हे तीन शब्द वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले तरी तो वाचेल. इन्सुलिनच्या मात्रेपुढे ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा, त्याचे आद्याक्षर लिहायचे नाही, हा ब्रिटिश औषधसूचीतील नियमही त्याच जातीचा आहे. दहापुढचा इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा दिसला की दहाचे शंभर होतात.

डॉक्टर डॉक्टरसाठी आणि सिस्टरसाठी काय लिहितो, तोही भाग याच वादात यायला हवा. आमच्या वॉर्डात केस पेपरवर रोज सकाळी ‘सीएसटी’ असे लिहिले जाई, म्हणजे आहेत तेच उपचार चालू ठेवा. रात्रपाळीच्या सिस्टरला ‘तेच’ म्हणजे काय हे शोधण्यासाठी चार दिवसांची पाने मागे उलटावी लागत आणि मग ते स्वतःच्या रजिस्टरमध्ये उतरवून घ्यावे लागे. प्रत्येक वेळी उतरवून घेताना चुकीला एक नवी जागा मिळते. इंग्लंडमध्ये डॉक्टर औषधांच्या तक्त्यावरच लिहितो आणि नर्स त्याच तक्त्यावर दिल्याची नोंद करते. यासाठी महागडा संगणक लागत नाही. पूर्वी हे कागदावरच होत असे.

मात्र परदेशातले सगळे चांगले आणि आपले सगळे टाकाऊ, असे मी म्हणणार नाही. संगणकीय नोंदींमध्ये कालचा मजकूर जसाच्या तसा आज चिकटवला जातो, पानेच्या पाने वाढतात आणि रुग्णाला काल रात्री काय झाले ते त्यात शोधावे लागते. ब्रॅडफर्डमधील पंजाबी बोलणाऱ्या आजींना दुभाषी मिळतो, पण घरी येणारे पत्र बहुधा इंग्रजीतच असते आणि ते नातवंडे वाचून दाखवतात. शिवाय आपल्याकडे एक गोष्ट आधीपासून आहे, जी इंग्लंडला कायद्याने आणावी लागली. स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा सर्वसाधारण हक्क तेथील रुग्णाला १९९१ च्या नोव्हेंबरपासून मिळाला. गडचिरोलीहून किंवा बालाघाटहून नागपूरच्या मेडिकलला किंवा मेयो या दुसऱ्या सरकारी रुग्णालयात येणारा रुग्ण तर प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे केस पेपर, एक्स-रे, सोनोग्राफीचे रिपोर्ट घेऊनच येतो. कागद त्याच्या हातात आहे, तोच तो जपतो आणि तोच डॉक्टरांपुढे ठेवतो. फक्त त्यातली एकही ओळ त्याच्यासाठी लिहिलेली नसते.

म्हणूनच वैद्यकीय शिक्षण मातृभाषेत हवे की नको, या वादाकडेही मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो. मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पाठ्यपुस्तके काढली, तेव्हा आमच्या गटात मोठी खडाजंगी झाली. पाठ्यपुस्तकांचे काय व्हायचे ते होवो, पण डिस्चार्ज कार्डाची मागची बाजू उद्यापासून मराठीत लिहिता येईल आणि सिवनी-छिंदवाड्याच्या रुग्णासाठी हिंदीत. आजार काय होता, कोणती गोळी कोणत्या दिवसापर्यंत, काय झाले तर लगेच परत यायचे आणि कोणता रिपोर्ट यायचा बाकी आहे, एवढेच पुरे. रुग्णाला वाचता येत नसले तरी गावातली आशाताई ते वाचेल, शाळेत जाणारी नात वाचेल. इंग्रजी लघुरूपे मात्र त्या दोघींपैकी कोणालाही वाचता येणार नाहीत.

लिहिणार कोण, असा प्रश्न मित्रांनी मला विचारला आणि तो रास्त आहे. वॉर्डातले बहुतेक लिखाण इंटर्न आणि कनिष्ठ निवासी डॉक्टरच करतात. त्यांच्यावर आणखी एक काम लादले तर ते उरकले जाईल, लिहिले जाणार नाही. त्यामुळे सुरुवात परीक्षेपासून व्हावी, असे मला वाटते. रुग्णाशी कसे बोलावे हे २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रीतसर शिकवले जाते. त्याच्यासाठी कसे लिहावे, यालाही तेवढेच वजन मिळायला हवे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिकात, विद्यार्थ्याने ज्या रुग्णाची केस मांडली त्याच रुग्णासाठी मराठीत अर्ध्या पानाचे डिस्चार्ज कार्ड लिहून घ्यावे, ते रुग्णाच्या नातेवाइकाकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि नातेवाईक जिथे अडखळेल तिथे गुण कापावेत.