रोममधलं एकावर एक चर्च आणि आपलं मनसर

रोमवरून परत आली तेव्हापासून जो भेटेल तो एकच विचारून राहिला, कोलोसियम पाहिलं का? पाहिलं ना. पण मला सांगायचंय ते तिथून पाच-सात मिनिटं पायी असलेल्या सान क्लेमेंते चर्चबद्दल. टूरच्या लिस्टमध्ये ते नव्हतंच, दोन तास मोकळे मिळाले तर बाकी सगळे शॉपिंगला गेले आणि मी नि ताई तिकडे गेलो. आत फोटो काढू देत नाहीत म्हणून या पोस्टला फोटो नाही.

वरचं चर्च बाराव्या शतकातलं. समोर सोनेरी मोझॅक, क्रूसावर बारा पांढरी कबुतरं आणि खालून फुटलेली वेल अख्ख्या कमानीभर पसरलेली. नऊशे वर्षं जुनं, आपल्याला तर एवढंच पुरे झालं असतं. पण बाजूला तिकीट काढून पायऱ्या उतरलं की खाली अजून एक चर्च आहे, चौथ्या शतकातलं! वरचं बांधताना हे भरून टाकलं आणि पुढे लोक विसरूनच गेले, मग १८५७ मध्ये तिथल्याच मठातल्या फादर मुलूली या आयरिश पाद्रीनं खोदायला घेतलं तेव्हा ते परत सापडलं.

तिथल्या एका भिंतीसमोरून मला हलवेचना. चित्रात सिसिनियस नावाचा बडा माणूस संत क्लेमेंटला बांधून ओढत न्यायला सांगतो, पण नोकर ज्याला संत समजून ओढून राहिले तो असतो दगडी खांब! आणि तो मालक नोकरांवर ओरडतो ते शब्द तिथंच रंगवलेत, "रांडेच्या पोरांनो, ओढा!" हे अकराव्या शतकाच्या शेवटचं, लोकांच्या बोलीतली इटालियन लिहिलेली दिसते अशा अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी एक. संताच्या तोंडी लॅटिन, मालकाच्या तोंडी रस्त्यावरची भाषा. मला एकदम श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेलं, आपल्या जुन्या मराठीतलं "श्रीचावुण्डराजें करवियलें" आठवलं, अंगावर काटा आला.

त्याच्याही खाली पहिल्या शतकातल्या रोमन इमारती. दोन भिंतींमधली अरुंद बोळ, मग मित्र म्हणजे मिथ्रास या रोमन लोकांच्या देवाची खोली, बुटकं छत, दोन्ही बाजूंना दगडी ओटे आणि मधे बैलाला मारणाऱ्या मित्राची वेदी. आपल्या ऋग्वेदातल्या मित्राचं आणि याचं नाव एकाच मुळातलं. आणि कुठून तरी सतत वाहत्या पाण्याचा आवाज. ताई म्हणाली, "काहून गं, आपल्या नागपूरच्या महालातल्या वाड्याच्या विहिरीचा वास येऊन राहिला ना?" खरंच तोच ओला वास होता.

तिथे देव बदलले, मालक बदलले, पण आज त्या चर्चमधले पाद्री स्वतःच्या पायाखालची दुसऱ्या देवाची वेदीसुद्धा जपतात, भिंतीवरची शिवीही पुसत नाहीत. वरची प्रार्थना चालू ठेवून खालचं दाखवता येतं. मला हे फार मोठं वाटलं. आपल्याकडे खाली काय होतं हा विषय निघाला की लगेच वरचं कोणाचं यावर भांडण सुरू होतं आणि बघायचं राहूनच जातं.

आणि आपल्याकडे काय कमी आहे हो? नागपूरवरून तास-सव्वा तासावर मनसर. हिडिंबा टेकडी उकरली तर विटांचं केवढं मोठं बांधकाम निघालं, वाकाटक राजांच्या काळातलं, त्यांच्यातल्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या राजधानीशी अभ्यासक ते जोडतात. म्हणजे रोमच्या त्या मधल्या चर्चच्या आसपासचाच काळ! आपण मात्र जवळच्या रामटेकला जातो, गडावर रामाचं दर्शन घेतो, अंबाळा तलावावर फिरतो, भजी खातो आणि मनसरवरून गाडी सरळ घरी. मीही वीस वर्षं हेच केलं. लेकराले एकदा तरी तिथे न्यावं, त्या विटेवर हात ठेवू नये पण जवळून बघावी, केवढी रुंद आहे ते.

येत्या रविवारी सकाळी सहाला आम्ही निघून राहिलो, ताई आणि तिची दोन्ही पोरं आहेत. गाडीत दोन सीट रिकाम्या आहेत, यायचं असेल त्यानं इनबॉक्स करा.