चैत्र म्हणजे नुसता पाडवा नव्हे

पाडव्याच्या सकाळी पुण्यात गुढ्या उभ्या राहतात, शोभायात्रा निघतात, सराफांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही. दुपारी श्रीखंड-पुरी होते, संध्याकाळी गुढी उतरते आणि आपल्यापैकी बहुतेकांचा चैत्र तिथेच संपतो. फार तर रामनवमीला तुळशीबागेत जन्माला जाऊन येतो, पौर्णिमेला पहाटे मारुतीला. मला आज लिहायचंय ते चैत्रगौरीबद्दल. ती आपल्या डोळ्यांदेखत घराघरांतून निघून चालली आहे आणि मला ते अजिबात नको आहे.

ज्यांच्या घरी नसते त्यांच्यासाठी थोडं सांगते. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते. लग्नात माहेराहून मिळालेली छोटी पितळी अन्नपूर्णा चिंचेनं घासूनपुसून पाळण्यात बसवायची. ती आपल्याकडे माहेरपणाला आलेली असते, पार अक्षय्य तृतीयेपर्यंत. भटजी लागत नाहीत, मुहूर्त लागत नाही, मांडव, वर्गणी, स्पीकर काही म्हणजे काही लागत नाही. महिनाभरात सोयीच्या कुठल्याही संध्याकाळी हळदीकुंकू करावं. मंगळवार किंवा शुक्रवार धरायची पद्धत आहे, पण शनिवारी केलं म्हणून गौर रुसत नाही. सकाळी आठला हिंजवडीची बस धरणाऱ्या बाईला याहून मोकळा सण कुठला मिळणार? वेळ नाही ही अडचण भाद्रपदातल्या गौरींना मला समजते, तिथे तिथी-नक्षत्र पाळावं लागतं, तीन दिवसांचं रांधणं असतं. चैत्रगौरीला ती पटत नाही.

शिवाय हा सण पुण्याच्या उन्हाळ्यासाठीच घडल्यासारखा आहे. पारा चाळिशीकडे सरकलेला, मंडईत आंबट कैऱ्यांचे ढीग लागलेले, आणि नैवेद्याला काय, तर आंब्याची डाळ आणि पन्हं! हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरडच वाटायची. मिक्सरमध्ये तिचं पिठलं करणाऱ्यांशी माझं कायमचं भांडण आहे. किसलेली कैरी, मिरची, मीठ, चिमूटभर साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर, आणि वरून हिंग-मोहरी-हळदीची फोडणी, तीही गार करून, म्हणजे डाळीचा कच्चा करकरीतपणा टिकतो. पन्ह्यात गूळ आणि वेलदोडा. ओटीत भिजवलेले हरभरे, सोबत कलिंगडाची फोड. मनगटाला वाळ्याचं अत्तर. उन्हातून चालत आलेल्या बाईला या घरात आधी थंड काहीतरी मिळेल, मग पुढचं, एवढा विचार कुणीतरी फार पूर्वी करून ठेवला आहे.

आणि चैत्रांगण. गौरीपुढे किंवा दारात काढायची ही रांगोळी ठिपक्यांची नाही. चिमटीतून रांगोळी सोडत एकेक चित्र काढायचं: पाळण्यातली गौर, सूर्य-चंद्र, तुळशीवृंदावन, शंख, चक्र, गाय-वासरू, कासव, नाग, हत्ती, मोर, आंबा, केळ, आरसा, फणी, करंडा. म्हणजे देव्हारा, गोठा, रान आणि बाईच्या प्रसाधनाची पेटी, सगळं एकाच अंगणात. चित्रकलेचं कुठलंही शिक्षण न घेतलेल्या बायकांनी हे हाताहातानं इथवर आणलं. आता बाजारात त्याचे स्टिकर मिळतात. ज्यांना अंगणच नाही त्यांनी ते लावावेत, पण ज्यांच्या आया-आज्या अजून काढू शकतात त्यांनी यंदाच त्यांच्या शेजारी बसून शिकून घ्यावं. ही चिमूट फोनवर पाहून येत नाही.

आता जे खरं मनात आहे ते. हळदीकुंकवाला आपण कुणाला बोलावतो? वरच्या मजल्यावरच्या, नवरा गेलेल्या काकूंना वगळतो. आपल्याकडे रोज राबणाऱ्या ताईंना डबा भरून देतो, पण सतरंजीवर बसवत नाही. मला याची लाज वाटते. याच पुण्यात १८५२ साली संक्रांतीला तिळगुळाचा समारंभ झाला. त्यात सावित्रीबाई फुले होत्या आणि निमंत्रणातच स्पष्ट केलं होतं की कुठल्याही जातीच्या बायका आल्या तरी त्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल. तेव्हा हे लिहायला केवढं धैर्य लागलं असेल! आपल्याला तर फक्त दोन मजले चढून एक बेल वाजवायची आहे.

अशानं परंपरा मोडते, असं मला पुष्कळदा ऐकवलं जातं. पण गौर माहेरी आलेली असते, आणि माहेरी आलेल्या लेकीला सौभाग्याचा दाखला कोण मागतं? जिला कुंकू नको असेल तिला मोगऱ्याचा गजरा द्या, अत्तर लावा. हरभऱ्याची ओटी मात्र सगळ्यांची भरा आणि एकदा काकूंच्या हातूनही भरून घ्या. आमच्या इमारतीत आम्ही तसं करतो. मुलगे आणि पुरुषही पन्हं प्यायला येतात, कैऱ्या किसायला तर त्यांना आधीच बसवतो.

तृतीयेला तुम्हाला जमलं नसेल तर अक्षय्य तृतीयेपर्यंत वेळ आहे. एक वाटी डाळ भिजत घाला आणि शेजारच्या दोन दारांना सांगून या.