अम्मा पुन्हा विड्या वळायला लागली

सोलापूरहून, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतून धाकट्या भावाचा फोन आला. मागे पाळण्यांचा गोंगाट, त्यात याचा चढलेला आवाज. "अण्णा, अम्मानं परत सूप मांडीवर घेतलंय. पोरगा जर्मनीत आणि आई विड्या वळते! लोकं काय म्हणायलेत माहितीय का तुला?"

माहितीय. सोलापुरात म्हातारपणाचा विषय निघाला की दोनच बाजू असतात. एक म्हणते, पोरं पुण्याला नि परदेशाला गेली, आईबाप उघड्यावर पडले. दुसरी म्हणते, पोरांचं सोडा, सरकारनं पेन्शन द्यावी. भाऊ पहिल्या बाजूचा. मी दर महिन्याला पैसे पाठवतो, त्यामुळे सोयीनं दुसऱ्या बाजूचा.

दुसरी बाजू खोटी नाही. ९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपयांवर थांबली आहे. मागणी ७५०० ची आहे. एसटीनं पंचाहत्तरीनंतर तिकीट माफ केलं हे चांगलंच, पण रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये काढली ती काढलीच. हजार रुपयांत महिना ढकलणाऱ्या बाईला 'उतारवयात समाधान कसं शोधावं' हे शिकवायला जाणाऱ्याच्या हातात तिनं सूप द्यावं आणि म्हणावं, बस, वळ.

तरीही अम्माचं कोडं यातल्या कुठल्याच बाजूनं सुटत नाही.

मी ऑगस्बुर्गला राहतो. हेही कापडाचं गाव. इथल्याही गिरण्या बंद पडल्या, एका सूतगिरणीत आता कापडाचं म्युझियम आहे. थंडी सोडली तर सोलापूर सुटल्यासारखं फारसं वाटत नाही. गावात फुगराय नावाची वस्ती आहे. याकोब फुगर या अब्जाधीश सावकारानं गावातल्या गरिबांसाठी १५२१ मध्ये ती स्थापली. त्याचा आजोबा १३६७ मध्ये खेड्यातून इथं आलेला विणकर. (आमच्यासारख्या विणकर पद्मशाली माणसाला हे ऐकून उगाच बरं वाटतं.) आजही तिथं गरजू कॅथलिक लोक राहतात, त्यांत म्हातारी माणसं बरीच. भाडं वर्षाला ८८ सेंट. महिन्याला नव्हे, वर्षाला! वीज-पाणी वेगळं. आणि एक अट: फुगर घराण्यासाठी रोज तीन वेळा प्रार्थना म्हणायची.

पहिल्यांदा मला ती अट चीड आणणारी वाटली. सावकारानं मेल्यावरही व्याज लावलं, असं. आता वाटतं, त्या बेरक्या माणसाला एक गोष्ट कळली होती. फुकट दिलेलं घर म्हाताऱ्याला खाली मान घालायला लावतं. काहीतरी देणं लागत असलं की तो दार उघडताना आपल्या घराचं दार उघडतो. तिथले काही रहिवासी वस्तीतच बागकाम करतात, रात्रीचा पहारा देतात.

जर्मनीचं कौतुक करायला बसलेलो नाही. इथं १९६४ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण पेन्शन सदुसष्टाव्या वर्षी, म्हणजे मला अजून पंधरा वर्षं आहेत. आणि स्टेशनवर चांगला कोट घातलेले आजोबा कचऱ्याच्या डब्यात हात घालून रिकाम्या बाटल्या शोधताना दिसतात. एकदाच वापरायच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत परत मिळते. तेही काम करतच आहेत. त्याला कुणी समाधान म्हणू नये.

पण बिनपगारी सेवेला इथल्या भाषेत जो शब्द आहे, एहरेनआम्ट, त्याचा सरळ अर्थ 'मानाचं काम'. मला तो ऐकला की सिद्धेश्वराच्या यात्रेतले सात नंदीध्वज, त्या उंच मानाच्या काठ्या, आठवतात. आपल्याकडे 'यांचा मान' म्हणजे ते काम त्यांचं. बाराबंदी घालून काठी पेलायची, त्यासाठी आधी सराव करायचा. मानकरी आला नाही तर खोळंबा होतो. घरातल्या म्हाताऱ्यांना मात्र आपण निराळाच मान देतो. खुर्ची देतो, पाया पडतो, रिमोट देतो. ते दुपारभर दिसले नाहीत तरी कुणाचं काही अडत नाही.

अम्मावाचून कुणाचं काही अडू नये, हे मीच करून ठेवलं होतं. चार वर्षांपूर्वी सांगितलं, बस झालं, दहाव्या वर्षापासून वळतेस. तिनं ऐकलं. सूप माळ्यावर गेलं. मग गुडघे दुखायला लागले, झोप उडाली, फोनवर दोन वाक्यांच्या पुढं बोलेना. तीन महिने इथं आणलं, तर खिडकीत बसून ट्राम मोजायची. आता रोज दोन-तीनशे विड्या वळते आणि त्या द्यायला अशोक चौकाकडच्या कारखान्यात चालत जाते. मापात न बसलेल्या विड्या बाजूला काढतात म्हणून तिथं भांडते. कुणाच्या सुनेचं काय झालं, सगळं आणते.

पण तिच्या समोरच्या घरातली बाई, वयानं तेवढीच, हजार विड्या वळते. तिला पर्याय नाही. दोघींच्या मांडीवर तेच सूप, तीच तंबाखूची धूळ, तोच खोकला. अम्माच्या विड्यांत मला समाधान दिसतं, कारण माझे पैसे बँकेत पडून आहेत. म्हणून पेन्शनची मागणी करणाऱ्यांना 'काम करत राहा, छान वाटतं' म्हणणारा मी शेवटचा माणूस. आधी ७५०० द्या. मग त्या बाईला विचारा, वळायच्यात का. ती नाही म्हणाली तर तिला दुसरं कोणतं काम मानाचं वाटेल, हेही विचारा. हा प्रश्न ना आमच्या भावाच्या बाजूत आहे, ना माझ्या.

तंबाखूचं मात्र मला पटत नाही. गोधड्या शिव म्हटलं, पोरांना तेलुगू शिकव म्हटलं. "ते कोण मागायलंय माझ्याकडं?" म्हणाली. यावर मला उत्तर सुचलं नाही.

भावाला मी एवढंच म्हटलं, लोकांना माझा नंबर दे. मग अम्माला फोन लावला. तिनं उचलला आणि माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाली, "आत्ता नको रे, पानं भिजवलीत, कापायचीत. रात्री कर."