स्वस्त रायफल आणि मॅग्नमचा हट्ट

“कमी पैशांत बोल्ट-ॲक्शन रायफल घ्यायची असेल तर थेट .३०० विनचेस्टर मॅग्नममध्येच घ्या. किंमत तेवढीच, ताकद जास्त. लांबचा पल्ला मिळतो. गोळी थोडी इकडेतिकडे लागली तरी जनावर जागेवर पडतं. धक्का काय, सवयीने अंगवळणी पडतो. आणि स्वस्त रायफल अचूक नसतेच, ती कसर मॅग्नम भरून काढते.”

बोल्ट-ॲक्शन म्हणजे दर बारानंतर हाताने खिटी ओढून नवं काडतूस भरायची रायफल, आणि मॅग्नम म्हणजे जास्त दारू भरलेलं ताकदवान काडतूस. वरचा सल्ला एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो आणि पहिली रायफल घेणारा त्यावर विश्वास ठेवतो. चुकलं तर भोगतं ते जखमी होऊन झाडीत शिरलेलं जनावर. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करतो, कारण तो साफ चुकीचा आहे. रायफल स्वस्त होते ती नळी खराब असते म्हणून नव्हे. सॅव्हेज ११० ही रायफल १९५८ साली आली, तेव्हा तिची नळी एका नटाने बसवलेली होती. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या पोकळीत, मापाचा गेज घालायचा, नळी त्याला टेकेपर्यंत फिरवायची आणि नट आवळायचा. कुशल कारागिराचे तास वाचले आणि चेंबरचं माप मात्र बिनचूक राहिलं. २०१२ साली आलेल्या रुगर अमेरिकनमध्येही असाच नट आहे. पैसे वाचवले जातात ते साच्यातल्या प्लास्टिकच्या दस्त्यात (खांद्यापासून नळीखालपर्यंत जाणारा सांगाडा), मॅगझिनमध्ये आणि वरच्या झिलईत. चांगल्या काडतुसांनी या रायफली १०० यार्डांवर इंच-दीड इंचात गोळ्या बसवतात. हरणाच्या काळीज-फुफ्फुसांचा भाग साधारण आठ इंचांचा असतो. म्हणजे मॅग्नमने भरून काढावी अशी कसर मुळात नाहीच.

खोट असते ती दस्त्यात. तो लवचीक असेल तर टेकू दिल्यावर वाकून नळीला टेकतो आणि गोळी सरकते. दुकानातच एक कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामधून ओढून पाहा. मग दस्ता पुढून हाताने दाबून पुन्हा ओढा. पट्टी अडली तर ती रायफल खाली ठेवा, मग कॅलिबर कुठलंही असो.

आता “ताकद जास्त”. खरं आहे, पण हिशेब पूर्ण मांडा. .३०-०६ या नेहमीच्या, बिगर-मॅग्नम काडतुसातून १८० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला २,७०० फुटांच्या आसपास वेगाने निघते, .३०० विन मॅगमधून सुमारे २,९६० फुटांनी. गोळीची ऊर्जा साधारण २,९०० वरून ३,५०० फूट-पाउंडांवर जाते, म्हणजे वीस टक्के जास्त. त्यासाठी काडतुसातली दारू मात्र पाव हिश्शाने जास्त जाळावी लागते. दुर्बिणीसकट साडेआठ पाउंडांच्या रायफलीत धक्का साधारण २१ वरून २८ फूट-पाउंडांवर जातो, म्हणजे तेहतीस टक्के जास्त. स्वस्त रायफली बहुतेक हलक्या असतात. तीच साडेसात पाउंडांची असेल तर धक्का ३२ च्या घरात. वीस टक्के ऊर्जेसाठी खांद्यावर तेहतीस टक्के जास्त धक्का घ्यायचा, हा सौदा मला पटत नाही.

शिवाय या काडतुसाची दारू सावकाश जळणारी असते, तिला लांब नळी लागते. नळी आखूड केली की इंचामागे साधारण २५-३० फूट वेग जातो. २२ इंची नळीची मॅग्नम घेणारा धक्का आणि आवाज पुरेपूर घेतो आणि वेग अर्धवट.

कुणी म्हणेल, काडतुसाच्या बुडाशी पट्टा आहे, म्हणजे ते जास्त भक्कम. नाही. तो पट्टा १९१२ च्या .३७५ एच अँड एच मधून आला. त्या काडतुसाचा खांदा इतका उतरता होता की चेंबरमध्ये ते नेमकं टेकण्यासाठी पट्टा हवा होता. १९६३ च्या .३०० विन मॅगला त्याची गरज नव्हती, तरी तो राहिला.

आणि धक्का. “सवयीने अंगवळणी पडतो” या वाक्यावर माझा खरा राग आहे. धक्क्याची सवय होते ती अशी की माणूस बार व्हायच्या आधीच डोळे मिटतो, खांदा पुढे टाकतो आणि चाप झटक्याने ओढतो. त्याला स्वतःला हे कळत नाही, कारण त्याच क्षणी बार होतो आणि सगळं त्यात झाकलं जातं. खात्री करायची असेल तर मित्राला मॅगझिन भरायला सांगा आणि मध्येच एक डमी, म्हणजे न उडणारं, काडतूस घालायला सांगा. मी हे उभं राहून पाहिलं आहे. स्वतःच्या मॅग्नमचं कौतुक करणाऱ्या एका धडधाकट माणसाने चाप ओढला, नुसतं ‘टक्’ झालं आणि नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलं. त्याच्या भुवईवर धक्क्याने मागे आलेल्या दुर्बिणीच्या कडेने काढलेली चंद्रकोर आधीपासून होतीच.

मझल ब्रेकने, म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवलेल्या भोकांच्या तुकड्याने, धक्का बराच कमी होतो, हे मान्य. पण आवाज मागे आणि बाजूला फेकला जातो. शेजारी उभ्या असलेल्याच्या कानांचाही विचार करा.

लांबचा पल्ला? .३०-०६ आणि .३०० विन मॅग या दोन्ही रायफली २०० यार्डांवर झिरो केल्या, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवली, तर ३०० यार्डांवर गोळीच्या उतारात दीड-दोन इंचांचाच फरक पडतो, ४०० वर साधारण पाच इंचांचा. उतार तक्त्यात पाहून सुधारता येतो, बिचकणारा हात सुधारत नाही.

“गोळी थोडी इकडेतिकडे लागली तरी जनावर जागेवर पडतं” हे तर क्रूर आहे. पोटात लागलेली मॅग्नमची गोळी पोटातच लागलेली असते. जनावर पडतं ते काळीज-फुफ्फुसं फुटल्याने किंवा मज्जासंस्थेवर घाव बसल्याने. उलट जवळून जास्त वेगाने गेलेली पातळ कवचाची गोळी हाडावर फुटून आत पुरेशी खोल न पोहोचण्याचा धोका असतो. मॅग्नम घेतलीच तर बाँडेड (कवच आणि शिसं एकमेकांना जोडलेली) किंवा अखंड तांब्याची गोळी वापरा.

राहिली किंमत. रायफलीची चिठ्ठी सारखी असेल, काडतुसांची नसते. मॅग्नमचं खोकं महाग, म्हणून माणूस मोसमाआधी पाचच बार काढतो. त्याच पैशांत .३०८ (हेही बिगर-मॅग्नम काडतूस) किंवा .३०-०६ चे कितीतरी जास्त बार निघतात, आणि ते बसून, गुडघ्यावर, काठीच्या टेकूने काढता येतात.

एल्क, मूस किंवा मोठ्या अस्वलाच्या मागे जाणारा, उघड्या डोंगरात लांबून बार काढणारा आणि तेवढा सराव असलेला माणूस मॅग्नम घेतो, ते रास्तच आहे. त्याने वजनदार रायफल घ्यावी, नळी २४ इंचांपेक्षा आखूड नको, दस्त्याला जाड रबरी गादी हवी, आणि दुर्बीण अशी की डोळा साडेतीन-चार इंच मागे ठेवूनही पूर्ण चित्र दिसेल. दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) पाहून आवळावेत आणि पहिल्या वीस बारांनंतर पुन्हा तपासावेत, कारण या धक्क्याने आधी सैल होतात ते तेच.