कपाट, कूलर आणि सहावीचं विज्ञान

आमच्या जळगावात एप्रिलमधेच पारा 43 ला टेकतो, मग घरोघरी कूलर निघतात, टाकी घासा, जाळीत नवीन गवत भरा, पंपात अडकलेली मागच्या वर्षीची पाल काढा, हे सगळं मी दरवर्षी विनातक्रार करतो. यंदा अडचण एवढीच की खिडकीसमोर लोखंडी कपाट उभं होतं. ते सरकवा असं बायको होळीपासून सांगून राहिली होती आणि मी "रविवारी बघू" म्हणून राहिलो होतो.

शेवटी एक रविवार आलाच. नेमका त्याच दिवशी पोरगा सहावीच्या विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसलेला, धडा बलाचा. म्हटलं चल, तुला प्रॅक्टिकल दाखवतो. (मी अकरावी सायन्सला होतो. बारावीला नव्हतो, पण ते पोराला माहीत नाही.)

त्याला सांगितलं, समज कपाट 80 किलोचं, गुणिले 9.8 म्हणजे वजन झालं 784 न्यूटन, पण आपल्याला ते उचलायचं थोडंच आहे, फक्त घर्षणापेक्षा जास्त जोर लावला की झालं, तो यापेक्षा पुष्कळ कमी लागतो. एवढं बोलून लावला खांदा. कपाट जागचं हललं नाही, माझी मान मात्र हलली.

"अहो, आधी साड्या तर काढा," आतून आवाज आला. बरोबरच होतं, ओझं कमी तर घर्षण कमी. साड्या काढताना त्या कोरड्या हवेत सिंथेटिक साड्या अशा चटचट वाजत होत्या आणि हातावरचे केस असे उभे राहत होते की स्थितिक विद्युत बल वेगळं शिकवावंच लागलं नाही. गुरुत्वीय बल वरच्या कप्प्यातल्या पितळी डब्यानं शिकवलं, थेट अंगठ्यावर. तो डबा तिथं कुणी ठेवला यावर घरात अजून एकमत नाही.

तेवढ्यात शेजारचे नाना आले. "काय करून राह्यला भो? त्याले तिरपं कर, दोनच पायांवर. कमी टेकलं का कमी घासतं."

मी म्हटलं नाना, तसं नसतं, घर्षण ओझ्यावर ठरतं, किती जागा टेकली त्यावर नाही, आमोंतों नावाच्या शास्त्रज्ञानं 1699 मधेच सांगून ठेवलंय.

"हा कुठला?"

"फ्रान्सचा."

"त्याच्याकडे असं कपाट होतं का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी स्वतःच्या डोक्यानं शहाबादी फरशीवर साबणाचं पाणी ओतलं. कपाटाचे पाय कोरडेच राहिले कारण फरशीचा उतार माझ्याकडे, आणि मी जोर लावला तसा कपाट जागेवर अन् मी पाठीमागं सरकत सरकत थेट दिवाणापर्यंत. पोरगा हसून लोळला. तळपाय आणि फरशीत घर्षण असतं म्हणूनच माणूस ढकलू शकतो, चालूसुद्धा शकतो, हे मी त्याला बसल्या जागेवरूनच समजावलं, उठता येत नव्हतं.

फरशी पुसली, नानांनी एक बाजू उचलून धरली, कपाटाच्या पायांखाली बारदान सारलं आणि तिघांनी मिळून एकच रेटा दिला. पहिले काही सेकंद काही नाही, आणि मग एकदम गर्रर्र करत कपाट निघालं ते भिंतीला लागेपर्यंत थांबलंच नाही, चुन्याचा पोपडा नानांच्या टोपीवर. पोराला म्हटलं बघ, हलेपर्यंत जे अडवतं ते स्थितिक घर्षण, हलल्यावर ते गतिक होतं आणि गतिक जरा कमी असतं, म्हणून सुरुवातच काय ती अवघड. नाना टोपी झटकत म्हणाले, "माझ्या बैलाले हे आधीच माहीत होतं."

दुपारी कूलर लागला. पोरानं यांत्रिक बलापुढं 'कूलरची मोटार' लिहिलं, स्नायू बलापुढं 'नाना' (माझं नाव नाही, असो), चुंबकीय बलापुढं फ्रीजवरचं केळीच्या घडाचं मॅग्नेट. मी वही तपासायला घेतली. शेवटची ओळ होती: 'घर्षण बल. हे हालचालीला विरोध करते. उदाहरण: पप्पा.'

मी काही बोलायच्या आत त्यानं विचारलं, "पप्पा, यात स्थितिक लिहू का गतिक?"

आतून आवाज आला, "स्थितिक लिही."